अप्पाकडं पगाराचं बोलण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काकूचा फोन येऊन गेला. भरल्या ताटावर तू अप्पाला, "बाहेरचा अकाउंटंट ठेवून बघा, किती घेतो ते," म्हणालीस म्हणे. तुझी आई तेव्हापासून गप्प आहे. मला आतून बरं वाटलं, पण ते तिला सांगू नकोस. अप्पा मात्र मनाला लावून घेणार.

अप्पाच्या फौंड्रीचं शिरोलीचं ऑफिस तू कसं ओढतेस ते मला दिसतं. दर महिन्याला ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीचं रिटर्न जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला दुसरं रिटर्न ३बी. वर अप्पाच्या घरचं लाइटबिल नि पोरांची फीसुद्धा तूच भरायची. बोलणं झालं होतं फक्त टॅलीवर हिशोब ठेवायचं. पगार १२ हजार, तोही "लागेल तसा घेत जा". म्हणजे दरवेळी मागायचंच की!

सगळ्या कामांची यादी कर, पुढं तास लिही. उद्यमनगरात तेवढ्या कामाला काय देतात ते विचार. मग एकच आकडा सांग. "तुम्हाला योग्य वाटेल ते" हे तोंडातून काढू नकोस. पैसे बँकेत, ठरल्या तारखेला. सोमवारी सुट्टी म्हणजे फोनपण नाही. आकडा जमत नसेल तर कामं कमी करा म्हणावं, घरची बिलं पहिल्यांदा. लग्नात सोनं घालीन म्हणेल. ते पगारात धरायचं नाही. साचे करणाऱ्या मोल्डरला ओव्हरटाइम दुप्पट दरानं जातो, पगारपत्रक तूच करतेस, मी काय सांगणार.

लेक्चर झालं, माफ कर. अप्पा मनाला लावून घेईल एवढंच म्हणायचं होतं. तो स्वतः आमच्या मामाच्या लेथवर कित्येक वर्षं दोन वेळच्या जेवणावर राबला. दिवाळीला एक शर्ट मिळायचा, तो मला द्यायचा. घरचं काम असंच असतं, हे त्याच्या डोक्यात तिथूनच बसलंय. फौंड्रीचं पहिलं ओतकाम झालं तेव्हा भट्टीला घाबरून तू रडायला लागलीस, तर सगळं टाकून तुला खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर भेळ खायला गेला. माझ्या ऑपरेशनला सीपीआर हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्र काढली त्यानं. म्हणून त्यानं तुला फुकट राबवावं असं नाही. पण...

२० तारीख होऊन जाऊ दे. सकाळी केबिनमध्ये बोल, जेवताना नको, काकूसमोर तर नकोच. आणि झालं की मला लगेच फोन कर, अप्पाचा यायच्या आत.

तुझा,
बाबा