केपच्या डच वंशावळी : आधी वारसांची यादी पाहा

महोदय,

दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या केप वसाहतीतील डच घराण्यांच्या वंशावळी आंतरजालावर ढिगाने दिसतात. त्यांतल्या पुष्कळ फक्त चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींवर रचलेल्या असतात आणि तिथेच त्या चुकतात. नोंदीत तारीख, मूल, आईबाप व साक्षीदार, एवढेच असते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची रीत असल्यामुळे चार भावांच्या घरी एकाच नावाचे चार चुलतभाऊ निघतात. शिवाय तान्हे मूल दगावले की पुढच्याला तेच नाव मिळे. म्हणून पहिली जुळणारी नोंद आपलीच, असे धरू नये.

त्यातले कोण जगले, कोण कुठे नांदले, हे मालमत्तेचे कागद सांगतात. डच कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक. मृत्युपत्र नसेल तर निम्मी हयात जोडीदाराची, निम्मी मुलांना समान. सज्ञानतेचे वय 25. अज्ञान मुलांचा वाटा सांभाळणारे वेसकामर, म्हणजे अनाथ मंडळ, मालमत्तेची यादी करी आणि माथ्यावर वारस लिही: पहिल्या लग्नाची मुले वेगळी, अज्ञानांची वये, लग्न झालेल्या मुलींच्या नवऱ्यांची नावे. मुलगी मेली असेल तर तिच्या जागी नातवंडे. एवढी माहिती एका पानावर दुसरीकडे क्वचितच मिळते.

केप टाउनच्या अभिलेखागारात हे दप्तर ‘एमओओसी’ या खुणेने आहे: क्रमांक 7 मध्ये मृत्युपत्रे, 8 मध्ये याद्या, 10 मध्ये लिलावाचे कागद. लिलावाचे कागद बहुतेक जण चाळतही नाहीत; पण खरेदीदारांत जावई, मेहुणे, शेजारी असतात आणि हरवलेला दुवा तिथे हाती लागतो. रकमा वाचताना जपावे: केपचा गुल्डन (डच चलन) 16 स्टायव्हर या सुट्या नाण्यांचा, हॉलंडचा 20 चा. यादी सापडली नाही म्हणून माणूस मेलाच नाही, असे नव्हे. अनेक जोडपी एकत्र मृत्युपत्रात वेसकामरला स्पष्ट वगळत. अशा वेळी 7 क्रमांकाकडे वळावे. 1834 पासून मृत्यूच्या सूचना मिळतात, त्यांत आईबापांची नावेही असतात.

वारसांची यादी हाती आल्यावर मगच चर्चच्या वह्यांकडे जावे. स्टेलेनबॉश, ड्राकेनस्टाइन, 1743 नंतर रोडेझांड अशी चर्चे वाढत गेली. त्यामुळे एकाच भावंडांचे बाप्तिस्मे दोन-तीन वह्यांत विखुरतात. तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. दूरच्या मळ्यावरची मुले महिन्यांनी आणली जात. साक्षीदारांची नावे जरूर उतरवावीत, ते बहुधा आजी-आजोबा किंवा मामा-काका असतात.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहावीशी वाटते. याच याद्यांत गुलाम माणसे मालमत्ता म्हणून, ‘फान बेंगालन’ (बंगालचा), ‘फान मलाबार’ (मलबारचा) अशा ओळखीने नोंदलेली आहेत. ते आडनाव नव्हे; अनेकदा फक्त जिथून जहाजात चढवले तो किनारा. अँजेला फान बेंगालन 1666 मध्ये मुक्त झाली, 1669 मध्ये तिने आर्नोल्डस बासनशी लग्न केले आणि बासन घराणे तिच्यापासून वाढले. पण एकाच ओळखीची माणसे डझनांनी असतात. मालकाचे नाव, वय, विक्री किंवा मुक्ततेचा कागद जुळल्याशिवाय त्यांना कोणाचे पूर्वज ठरवू नये. वंशावळ प्रसिद्ध करणाऱ्यांनी प्रत्येक दुव्याशेजारी दप्तराचा क्रमांक द्यावा, आणि जिथे तो नसेल तिथे ‘अंदाज’ असे लिहावे.

– एक अभ्यासक वाचक