लाडमोडच्या पांढरीत खड्डे नकोत

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणासाठी पडीक टेकाडे शोधली जातात. नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, मात्र कृपा करून खड्डे घेऊ नयेत. नेवाशाचे प्रवरेकाठचे लाडमोड हे टेकाड डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहोत.

लाडमोडवर लोक थांबतात ते प्रवरेकडे बघायला, पण खरा ठेवा पायाखाली आहे. १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी नेवाशात उत्खनन केले. नदीच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली. टेकाडाच्या तळाशी ताम्रपाषाण (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्यांची) वस्ती लागली: जोर्वे गावावरून ओळखली जाणारी लाल भांडी, त्यांवर काळी नक्षी, तोटीचे चंबू. मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत घालत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. एका मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेला धागासुद्धा शिल्लक होता. तांब्याच्या गंजाने तो कुजू दिला नाही. या वस्तीच्या वरच्या थरांत सातवाहन काळ, रोमन मद्यकुंभांची खापरे. मग वस्तीत मोठा खंड पडून एकदम बहामनी-मराठा काळ. १२९० साली ज्ञानेश्वरी नेवाशातच सांगितली गेली, आणि तो काळ नेमका या खंडात येतो!

खापराचा काळ कळतो तो त्याच्या थरावरून. दोन फुटांच्या खड्ड्यातून वरखाली झालेले खापर मुके होते. पुढे मुळे आणखी खोल जाऊन थर फोडतात. राख, शेण, हाडे मुरल्यामुळे पांढरीची माती खताला चांगली, म्हणून ती गाड्या भरून शेतात जाते. तिथेही हाच घात होतो. वाळूउपशात गोट्यांचा थर जातो, तो तर परत कधीच मिळणार नाही.

उतारावर ओघळ पडला तर तो टेकाडाच्याच मातीने बुजवू नये. आधी तागाचे कापड अंथरावे, वर बाहेरून आणलेली माती टाकावी. उद्या कोणी खणले तर जुने-नवे वेगळे ओळखू येते. वरून येणारे पाणी वळवायला चर खोदू नये, मातीच्या गोण्यांचा बांध घालावा. झाडांऐवजी मारवेल, पवन्यासारखे गवत वाढू द्यावे. माहितीफलकाचा खांब न पुरता दगड रचून चौथऱ्यावर उभा करावा. खापर दिसले तर जागचे हलवू नये. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.

रोपे तयारच असतील तर रस्त्याच्या कडा आणि शाळांची आवारे आहेत. लाडमोडवर या पावसाळ्यात कुदळ पडू नये.

— प्रवराकाठचे काही वाचक, नेवासे