नकाशा एका दिवसात तयार नाही झाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या मुलीने होमवर्कसाठी भारताचा कोरा नकाशा रंगवला, वर शीर्षक '१५ ऑगस्ट १९४७' आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गोवा-सिक्कीमसकट सगळीकडे एकच भगवा खडू. वहीत 'छान' असा शेरा मिळाला. मी विचारलं, अगं मग मराठवाड्यात १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडावंदन का करतात? तिला सांगताच येईना. आणि यात तिची चूक नाहीये, विलीनीकरणाचा धडा पाठ करून घेतात पण तो नकाशावर कुणी उलगडून दाखवतच नाही.

मग रात्री आम्ही ट्रेसिंग पेपर घेऊन बसलो. पहिल्या कागदावर निजामाचं हैदराबाद (मराठवाडा त्यातच होता) कोरं सोडलं तर देशाच्या पोटातच एवढं मोठं भोक पडलं की तीच म्हणाली, "बाबा, मग दिल्लीहून मद्रासला ट्रेन कुठून जायची?" हैदराबाद संस्थानातूनच जायची! पटेलांना तो प्रश्न लोंबकळत का ठेवता येत नव्हता हे तिला त्या एका भोकावरून कळलं, मला वेगळं समजवावं लागलं नाही. दुसऱ्या कागदावर काश्मीर, जुनागढ आणि सप्टेंबर १९४८ ची हैदराबादमधली पोलीस कारवाई, पुढे फ्रेंचांकडचं चंद्रनगर, पाँडिचेरी, मग डिसेंबर १९६१ चा गोवा आणि सगळ्यात वर १९७५ चं सिक्कीम. काश्मीर महाराजांच्या सहीने आलं, जुनागढ आणि सिक्कीममध्ये सार्वमत झालं, पाँडिचेरीसाठी फ्रान्सशी करार झाला आणि गोव्यात शेवटी सैन्य पाठवावं लागलं. दादरा-नगर हवेली तर १९५४ लाच स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांकडून सोडवली, त्यात आपले सुधीर फडके पण होते, पण ती रीतसर भारतात आली १९६१ ला, म्हणजे मधली सात वर्षं तिला नेमका कुठला रंग द्यायचा यावर आमचा अर्धा तास वाद चालला. असा वाद वर्गात व्हायला पाहिजे हो!

सीमा नंतरही बदलली, २०१५ ला बांगलादेशशी छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल झाली, आपल्या १११ तिकडे गेल्या आणि त्यांच्या ५१ इकडे आल्या. हे पण मुलांपासून लपवायचं काहीच कारण नाही.

शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे, 'जोड्या लावा'त गोवा-१९६१ विचारण्यापेक्षा पाच कोरे नकाशे आणि दोन तास द्या, आणि परीक्षेत एकच प्रश्न टाका, १६ ऑगस्ट १९४७ ला या नकाशातला कुठला भाग कोरा ठेवाल आणि का?

आपला,
एक पालक