नीलमताई, गर्भपिशवीचा प्रश्न सभागृहात विचारलात त्याबद्दल

आदरणीय नीलमताई गोऱ्हे यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आईवडील ऊसतोड कामगार, आणि मी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. आपली ओळख नाही. हे आभाराचं पत्र मी उघड लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीसाठी आभार मानायचे ती आमच्याकडे बायका फक्त चुलीपाशी, आवाज खाली करून बोलायच्या.

२०१९च्या जून महिन्यात, पावसाळी अधिवेशनात, तुम्ही विधान परिषदेत बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न लावून धरलात. त्याआधी एप्रिलपासून वर्तमानपत्रांत बातम्या येत होत्या. गावात दोन-चार दिवस चर्चा झाली, काही पुरुष मंडळी ‘आपल्या जिल्ह्याची बदनामी’ म्हणून चिडली, आणि विषय थंड पडू लागला. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं तसं होत नाही. मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदवलं जातं. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. आमच्या वस्तीवर कुणाकुणाची पिशवी काढलेली आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण सरकारने स्वतःच्या तोंडाने आकडा सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

हे घडतं कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल दोघांच्या नावावर, फेडायची दोघांनी. पहाटे फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं. रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठायचं. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. पाळीच्या दिवसांत वाकून ऊस तोडणं काय असतं, हे मी आईकडून ऐकलंय आणि सुट्टीत फडावर राहून पाहिलंय. कोपीजवळ, म्हणजे फडावरच्या झोपडीजवळ, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी कॅनॉलचं. कपडा तोच धुवायचा आणि तोच, कधी ओलाच, पुन्हा घ्यायचा. मग खाज, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात कळ. हंगाम संपून गावी आल्यावर बाई दवाखान्यात जाते.

माझी आई अशीच गेली होती. तीन मुलं झालेली, वय अठ्ठावीस-एकोणतीस. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे म्हणून सांगितलं, आणि पुढे कॅन्सर हा शब्द काढला. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबणार? पैसे व्याजाने काढले. त्याच आठवड्यात पिशवी गेली. आज परिचारिका म्हणून मला कळतं, की आईने सांगितलेल्या त्रासावर आधी साधी तपासणी करून गोळ्यांचा एक कोर्स द्यायला हवा होता. तो कुणी दिला नाही. आणि घरातली मोठी माणसंही म्हणाली, बरं झालं, दर महिन्याची कटकट मिटली, खाडा वाचेल.

ताई, मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. कुणी हात धरून टेबलावर झोपवलं नव्हतं. आई स्वतःच्या पायांनी गेली आणि तिनेच अंगठा दिला. उचलीचा बोजा, खाड्याची भीती आणि डॉक्टरने दाखवलेला कॅन्सर यांनी मिळून तिच्याकडून होकार काढून घेतला होता. अशा होकाराला संमती म्हणत नाहीत, हे तुम्ही प्रश्न लावून धरलात तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी अधिकाराने मान्य केल्यासारखं मला वाटलं.

तुमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच अधिवेशनात तुम्ही उपसभापतीही झालात, त्यामुळे हा विषय मागे पडेल अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. जिल्हाभर सर्वेक्षण सुरू झालं आणि आम्ही घरोघरी गेलो. वय काय, मुलं किती, शस्त्रक्रिया कधी झाली, कुठे झाली, कारण काय सांगितलं होतं. बायका आधी गप्प बसायच्या. सासू पुढे होऊन उत्तर द्यायची. एका वस्तीवर एक बाई मला म्हणाली, सरकारला आता कशाला पाहिजे हे, पिशवी काय परत बसवणार आहेत का? मी म्हटलं, मुंबईत एका आमदारबाईंनी विचारलंय, म्हणून आलोय. ती थोडी थांबली आणि म्हणाली, मग नीट लिही, माझी दुसरी सोनोग्राफी केलीच नव्हती, ते पण लिही. शेजारच्या दोघी मग आपणहून येऊन बसल्या.

८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. यांतल्या काही शस्त्रक्रिया गरजेच्याही असतील. गाठ असते, न थांबणारा रक्तस्राव असतो, आणि योग्य वेळी पिशवी काढल्याने जीव वाचलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. पण इतक्या? आणि इतक्या कमी वयात? सोबत अंडाशयंही काढली असतील तर बाईला एकदम, ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते. अशी कंबर घेऊन ती पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलते, कारण शस्त्रक्रियेसाठी काढलेलं कर्ज तिलाच फेडायचं असतं.

प्रजनन हक्क म्हटलं की आपल्याकडे चर्चा गर्भपाताच्या कायद्यापाशी थांबते. तो कायदा मोलाचा आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९७१चा कायदा, २०२१ची दुरुस्ती, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं, शिवाय २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही दिलेला तोच हक्क. आमच्या उपकेंद्रात मी हे बायकांना समजावून सांगते. पण मूल ठेवायचं की नाही हे ठरवण्याआधी पिशवी आपली आहे, ती शाबूत ठेवण्याचा हक्क आपला आहे, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. तसंच बाळंतपणाचं. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण कोयत्याला ती कोण देणार? साखर कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी फक्त माणसं आणून देतो. आठव्या महिन्यातही फडात वाकलेल्या बायका आहेत.

तुमच्या प्रश्नानंतर काही गोष्टी खरोखर बदलल्या. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला आता गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आणि परत आल्यावर बायकांची तपासणी होते. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या बायकांसाठी होती. म्हणजे हे दुखणं आमच्या एकट्या जिल्ह्याचं नव्हतं. आमच्याकडे याला सर्वात मोठं तोंड फुटलं ते तुमच्यामुळे. तुम्ही तेव्हा कोणत्या पक्षात होतात आणि आज कोणत्या, याचा विचार हे पत्र लिहिताना मी केलेला नाही. आईने तर मला एवढंच सांगितलं, की बाईला माझा नमस्कार कळव.

आभारासोबत काही मागणंही आहे. माहेरच्या माणसाकडे मागावं, तसं मागते. परवानगीची ही अट राज्यभर कायद्यातच यावी. नाहीतर बाईला शेजारच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात नेणं काही अवघड नाही. खासगी रुग्णालयांची नोंदणी आजही १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. त्याच्या नियमांत २०२१ साली रुग्ण हक्कांची सनद आली, ती भिंतीवर लागलेली बाईला वाचता आली पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर कुणीतरी वाचून दाखवली पाहिजे. पस्तिशीच्या आतल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवायला सांगा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेतले जातात. त्यातून फडाजवळ न्हाणी, संडास आणि चांगलं पाणी आधी व्हावं. आणि पाळी, गर्भारपण, बाळंतपण यांसाठी खाडा लावणं गुन्हा ठरावा.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. त्याआधीच्या अधिवेशनात यातला एक जरी प्रश्न तुम्ही पुन्हा विचारलात, तरी त्याचं उत्तर मी वस्तीवर वाचून दाखवीन.

लोभ असावा.

आपली,
एक परिचारिका, ऊसतोड आईची मुलगी
तालुका धारूर, जिल्हा बीड