रक्त वाहणाऱ्याला बर्फ नको, पांघरूण द्या

महोदय,

रक्तस्रावाने हृदय बंद पडलेल्यांना ‘थंड करून’ वाचवण्याबद्दलचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. माहिती खरी आहे. अमेरिकेत बॉल्टिमोरला डॉ. सॅम्युअल टिशरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग हाती घेतला. पहिल्या रुग्णाची बातमी २०१९ मध्ये आली होती. भोसकल्याने किंवा गोळी लागून हृदय थांबलं की महाधमनीत बर्फगार सलाईन सोडून शरीर १० ते १५ अंशांवर आणायचं. एरवी रक्त मिळालं नाही तर मेंदू पाचेक मिनिटांत खराब व्हायला लागतो. इतक्या थंडीत त्याची गरजच घटते, आणि सर्जनला जखम शिवायला दोनेक तास मिळावेत, असा हिशेब आहे.

पण हे सगळं हृदय थांबल्यावर आणि सर्जनच्या हातून. रस्त्यावर नव्हे!

मागच्या मे महिन्यात वर्धा रोडवर माझ्यासमोर एका दुचाकीला ट्रकने उडवलं. पोराच्या मांडीतून रक्त वाहत होतं. मी ओढणीची घडी दाबून बसले, तेवढ्यात एकाने रसवंतीतलं बर्फाचं पाणी आणून त्याच्यावर ओतलं. “पोट्टं तापलं आहे न काकू!” मी पांघरायला काही मागितलं तर लोक हसले.

मी बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. असा पेशंट आला की आम्ही एसी बंद करायचो, सलाईन आणि रक्त कोमट करून चढवायचो. सर्जन घामाने निथळायचे. रक्त गेलेलं शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, नागपूरच्या उन्हातसुद्धा. ओलं करून एसीत ठेवलं तर आणखी लवकर गार पडतं. ३५ अंशांच्या खाली रक्त नीट गोठत नाही, म्हणजे आणखी वाहतं, आणि शरीरात आम्ल साचतं ते वेगळंच.

शेवटी पाणपोईवाल्याने सतरंजी दिली. ॲम्ब्युलन्स आली तर आत एसी पूर्ण जोरात. बंद करा म्हटलं, तर ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, पेशंटसाठीच तर लावला.” केला बंद, पण कुरकुरत.

अशा लेखाशेजारी एक चौकट छापा: जखम दाबून धरा, ओले कपडे काढा, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा.

त्या पोराचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. सतरंजी त्याच्यासोबतच गेली.

– एक निवृत्त परिचारिका, मानेवाडा, नागपूर