कर्करोगाच्या उपचारानंतर हृदयाची नोंद हवी

महोदय,

कर्करोगातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या फायलींमध्ये, आपल्याला एकूण किती डॉक्सोरुबिसिन दिले गेले, हा आकडा बहुतेक वेळा सापडत नाही, आणि तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना ही उणीव मला फार जाचते. रुग्ण ज्याला ‘लाल सलाईन’ म्हणतात ते हे औषध स्तनाच्या कर्करोगावर आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही मोलाचे आहे. मात्र हृदयाच्या स्नायूला त्यापासून होणारी इजा मात्रेगणिक साठत जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण मात्रा ४०० मिलिग्रॅमवर गेली की सुमारे ५ टक्के, तर ५५० वर गेली की जवळपास एक चतुर्थांश रुग्णांना हार्ट फेल्युअर होऊ शकते.

स्तनाच्या काही कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या दुसऱ्या औषधाने घटलेली हृदयाची क्षमता वेळीच लक्षात आल्यास बहुधा भरून येते. त्यासाठीच ते चालू असताना दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो. छातीच्या डाव्या बाजूला दिलेल्या रेडिएशनचा परिणाम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर कित्येक वर्षांनीही दिसतो. म्हणून या रुग्णांचा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे सांभाळावे लागतात.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या मुलींची. लग्न जमवताना तो आजार घरचे लपवतात, आणि गरोदरपणात हृदयावरचा भार वाढून दम लागू लागतो तेव्हा समोरच्या डॉक्टरांना पूर्वीच्या केमोथेरपीची कल्पनाच नसते. खरे तर अशा मुलीचा इको दिवस राहण्यापूर्वी किंवा निदान पहिल्या तिमाहीत व्हायला हवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यासाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे, पण गावी परतलेल्या प्रत्येकाला दरवेळी मुंबई गाठणे परवडत नाही.

या भीतीने कोणीही केमोथेरपी नाकारू नये, हे मी कळकळीने सांगतो. माझी मागणी एवढीच आहे की, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झालेल्या प्रत्येक रुग्णाला घरी जाताना औषधांची एकूण मात्रा, रेडिएशनची जागा, शेवटच्या इकोचा निष्कर्ष आणि पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेले कार्ड मिळावे, आणि तो इको जिल्हा रुग्णालयातच विनामूल्य व्हावा.

– एक फिजिशियन, जि. सातारा