गच्चीवरची टाकी आणि घाटघर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत पाणी वर चढवायची साडेसात एचपीची मोटर वर्षानुवर्षे संध्याकाळी सातला सुरू व्हायची, कारण वॉचमनची ड्युटी तेव्हा बदलते, एवढेच! दोन तासांत बारा-तेरा युनिट जातात. वीजदर वेळेनुसार बदलणार म्हटल्यावर टायमर लावून मोटर दुपारी बाराला लावली. पहिल्याच आठवड्यात सकाळी आठला वरची टाकी कोरडी. सचिव असल्याने साबण लावून ताटकळलेल्या सभासदांचे फोन मलाच आले. आता मोटर पावणेतीनला सुरू होऊन पाचच्या आत थांबते, टाकी सकाळपर्यंत पुरते.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांत दिवसातले आठ 'सौर तास' किमान २० टक्के स्वस्त ठेवायला सांगितले आहे. आपल्याकडे ते सकाळी ९ ते संध्याकाळी ५. उन्हात वीज मुबलक, मागणी मात्र दिवेलागणीनंतर चढते. तेव्हा कोयनेची जनित्रे आणि कोळशाचे संच धावून येतात. म्हणून सरकार दुपारची वीज साठवू पाहते आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प गरजेपेक्षा जास्त असलेल्या विजेवर पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी ते खाली सोडून वीज काढतो. आपल्या मावळात शिरवट्याला १,८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. आमची गच्चीवरची टाकी वीज परत देत नाही, पण संध्याकाळचे ओझे दुपारवर ढकलण्याचे काम तीही करते.

धोरणाला मात्र फक्त सौर पॅनेल दिसते, आणि तेही बंगल्यावरचे आधी. छतावरच्या सौर पॅनेलला अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला बंगलेवाल्याला ७८ हजार रुपये मिळतात, म्हणजे किलोवॉटमागे २६ हजार. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८ हजारच. अर्धे पुणे फ्लॅटमध्ये राहते हो! गच्ची सगळ्यांची, लिफ्ट सगळ्यांची, मग अनुदान का कमी? हा फरक काढावा आणि लोड दुपारी नेण्याच्या खर्चालाही अनुदानात जागा द्यावी.

सकाळी सहाला मोटरचा एक छोटा फेरा अजून करावाच लागतो. वरती आणखी दहा हजार लिटरची टाकी बसवली तर तोही दुपारी नेता येईल. चौकशी केली, सौर अनुदानात टाकी बसत नाही.

– एका सोसायटीचा सचिव, कोथरूड, पुणे